घरची कोडी आणि त्यांचे बटवे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘मुलांसाठी घरच्या घरी कोडी’ असा. कार्यक्रमपत्रिकेत तो पाककृती स्पर्धेचा निकाल आणि अल्पोपाहार यांच्यामध्ये घातला आहे, त्यावरून तो हलकाफुलका असावा अशी त्यांची अपेक्षा दिसते. बराचसा तो तसाच राहील. पण शेवटी आपल्या मंडळात चाललेल्या एका वादाविषयी मला बोलायचे आहे, तेवढा वेळ अध्यक्षबाईंनी मला द्यावा.

कोडी म्हणजे कोणती, हे आधी सांगते. जेवणे झाल्यावर आजी नातवंडांना घालते ती तोंडी कोडी आज बाजूला ठेवू. त्यांना पुठ्ठा लागत नाही, डबा लागत नाही आणि त्यांचा तुकडाही हरवत नाही. मी बोलणार आहे ती हाताने जुळवायच्या कोड्यांविषयी. चित्राचे किंवा नकाशाचे तुकडे करायचे आणि मुलाने ते पुन्हा एक करायचे. अशी कोडी बाजारात सुंदर खोक्यांतून मिळतात. त्यांवर बर्फातले घर असते, नाहीतर गोऱ्या राजकन्या असतात. मोबाईलवरही मिळतात. तिथे तुकडा हरवत नाही म्हणून पुष्कळजणी त्यांचे कौतुक करतात. मला नेमके तेच उणे वाटते. खेळ संपल्यावर तुकडे मोजणे, एक कमी भरला तर खाटेखाली वाकून शोधणे, हा त्या खेळाचाच अर्धा भाग आहे, आणि मोबाईलवर तो भाग मुलाच्या वाट्याला येत नाही.

या कोड्यांचा जन्म मौजेसाठी झालेला नाही. १७६० नंतरच्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा एक कारागीर होता. त्याने लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमारेषांवरून फळी कापली. मुलांनी देश जोडत जोडत भूगोल शिकावा हा हेतू. फुले, घरे, प्राणी यांची चित्रे कापण्याची रीत नंतर पडली. म्हणजे नकाशाचे कोडे हे या सगळ्या कोड्यांचे मूळ घर.

आपल्या औंधकरांना तर नकाशाचे कोडे वेगळे रचायचीही गरज नाही. आपले संस्थान हेच मुळात तुकड्यांचे होते. एकंदर ७२ गावे, पण ती एका जागी नव्हती. औंध इथे, आटपाडी पूर्वेकडे, कुंडल दक्षिणेकडे, आणि गुणदाळ तर जतच्याही पलीकडे कानडी मुलखात. मध्ये मध्ये इंग्रजांचा मुलूख आणि दुसऱ्या संस्थानांची गावे. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि हे तुकडे निरनिराळ्या जिल्ह्यांत गेले. आज औंध सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत आणि गुणदाळ कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यात आहे.

गेल्या वर्षी आम्ही चौघीजणींनी याचेच कोडे केले. शाळेच्या भूगोलाच्या नकाशावरून सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मोठे करून काढले. साताऱ्याचे ११ तालुके आणि सांगलीचे १०, असे २१ तुकडे. सुताराकडून पातळ प्लायवूडवर ते कापून घेतले. कडा मात्र आम्हीच काचकागदाने घासल्या, कारण प्लायवूडचे कूस बोटात गेले की मूल दुसऱ्यांदा त्या खेळाला हात लावत नाही. तालुक्यांना निरनिराळे फिके रंग दिले. खटाव तालुका सगळाच काही संस्थानात नव्हता, तसेच इतरांचे; म्हणून पुरा तुकडा न रंगवता औंध, आटपाडी आणि कुंडल यांच्या जागी गेरूचे ठळक ठिपके दिले. राहिले गुणदाळ. ते या दोन जिल्ह्यांच्या नकाशात मावेचना. शेवटी त्याचा एक वेगळाच लहान तुकडा केला आणि त्यावरही तसाच ठिपका दिला.

मुलांनी २१ तुकडे जुळवले आणि हा बाविसावा हातात राहिला. कुठे बसवावा? एकाने तो महाबळेश्वरच्या डोक्यावर ठेवून पाहिला! मग तो जतच्या खाली, थोडे अंतर सोडून ठेवायचा, हे सांगावे लागले. तेव्हा तिसरीतल्या एका मुलीने विचारले, “म्हणजे राजाला आपल्याच गावी जायला दुसऱ्याच्या राज्यातून जावे लागत होते का?” मी म्हटले, “होय बाळ, लागत होते.” ती म्हणाली, “मग त्यांनी तुकडे बदलून का नाही घेतले?” याचे उत्तर मला देता आले नाही; तिच्या आजोबांनी मात्र ते देण्यात अख्खी संध्याकाळ घालवली, असे कानावर आले. पुस्तकातून संस्थानांचा इतिहास मुले वाचतात, पण असा प्रश्न तुकडा हातात आल्याखेरीज सुचत नाही.

आता करण्याची रीत. घरी करायला पुठ्ठाच बरा. साड्यांची खोकी, शर्टाच्या घडीतला पुठ्ठा, जुन्या वहीचे पाठे, काहीही चालते. पुठ्ठा एकेरी घेऊ नये, वाकतो. दोन थर घ्यावे, आणि एकाचा वाकण्याचा कल उभा असेल तर दुसऱ्याचा आडवा ठेवावा. मैद्याची पातळ खळ करून चित्र चिकटवावे, मधून कडेकडे तळव्याने दाबत जावे म्हणजे फुगे राहत नाहीत. रात्रभर पाटाखाली ठेवून वर वरवंटा ठेवावा. पुस्तके बांधणारे लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो आपण मुळीच घालू नये. मोरचूद विषारी, आणि लहान मूल प्रत्येक तुकडा आधी तोंडात घालूनच पाहते. डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला की काम भागते. आपला भाग कोरडा म्हणून हे सगळे सोपे आहे. कोकणात दिलेल्या माझ्या बहिणीच्या घरी हीच कोडी श्रावणात पापडासारखी वळतात.

कापताना धारदार पाते आणि लोखंडी पट्टी हवी, आणि ते काम मोठ्या माणसाचे. दुकानातल्यासारखे खाचा-गाठींचे तुकडे करण्याचा हट्ट धरू नये. सरळ आणि नागमोडी रेषा पुष्कळ झाल्या. तीन वर्षांच्या मुलाला चार तुकडे पुरतात. शाळेत जाऊ लागलेल्याला बारा, आणि पुढे वीस-पंचवीस. प्रत्येक तुकड्यावर ओळखू येईल असे काहीतरी यावे. नुसत्या आभाळाचे पाच तुकडे केले तर मोठी माणसेही कंटाळतात. लहानांच्या कोड्यात चेहरा कापू नये. चेहरा अख्खा मिळाला की मूल त्याच्याभोवती बाकीचे जमवत जाते.

चित्र कोणते घ्यावे यावरून घरोघरी थोडी कुरबुर होते, तीही सांगते. आपल्याकडे जुन्या दिनदर्शिका असतात आणि त्यांवर बहुधा देव असतात. माझ्या सासूबाई म्हणत, “देवाच्या गळ्यावरून कात्री फिरवलेली मला बघवायची नाही.” मला त्यांचे म्हणणे पटते. श्रद्धेचा प्रश्न तर आहेच, शिवाय त्या तुकड्यांवर उद्या मुलाचा पाय पडणार, आणि मग आपणच त्याला रागावणार. तेव्हा देवांची चित्रे वगळावीत. बैलजोडी, एसटी स्टँड, बाजार, यमाईच्या डोंगराची पायऱ्यांची वाट, अशी चित्रे मुलांकडूनच काढून घ्यावीत. औंधाच्या मुलांना तर दुसऱ्या गावच्या मुलांना नसलेली चैन आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनी १९३८ साली उभारलेले श्री भवानी संग्रहालय आपल्या दाराशी आहे. तिथे मुलांना न्यावे, एकाच चित्रापुढे पुरेसा वेळ उभे करावे आणि घरी येऊन आठवेल तसे काढायला सांगावे. तिथल्या हेन्री मूरच्या ‘आई आणि मूल’ या शिल्पाचे माझ्या नातीने काढलेले चित्र आमच्याकडे नऊ तुकड्यांत आहे. आईचे डोके तिने बटाट्यासारखे काढले आहे, परंतु कोडे म्हणून ते उत्तम आहे, कारण दोन गोल आकारांतला कोणता आईचा आणि कोणता मुलाचा हे जुळवल्याखेरीज कळत नाही.

चित्राशिवायची दोन कोडी झटपट सांगते. चिनी सात तुकड्यांचे कोडे पुठ्ठ्याच्या एका चौरसातून निघते: दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक छोटा चौरस आणि एक तिरका चौकोन. त्यांतून मांजर, होडी, बसलेला माणूस असे कितीतरी आकार होतात. दुसरे आपल्याकडचे. १ ते ९ आकडे लिहिलेले नऊ बिल्ले तीन-तीनच्या ओळींत असे मांडायचे की आडवी, उभी, तिरपी कशीही बेरीज केली तरी १५ यावी. नारायण पंडिताने १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त अशा चौरसांना एक सबंध प्रकरण दिले आहे. मध्ये ५ येतो. पण हे घरी जाऊन मुलांना सांगायचे नाही! आणि घरात तान्हे किंवा रांगते मूल असेल तर बिल्ल्यांऐवजी चिंचोके किंवा गुंड्या घेऊ नयेत, नाकात-कानात जातात.

आता बटवे. पुष्कळ घरी मी पाहते, एका मोठ्या डब्यात सगळी कोडी एकत्र ओतलेली असतात. मूल डबा उपडा करते, पाच मिनिटे चिवडते आणि उठून जाते. मग आपण म्हणतो, याला कोड्यांची आवडच नाही. अहो, तूर, मूग, मटकी आणि राजगिरा एकत्र कालवून कोणी आपल्यापुढे ठेवले तर आपल्याला तरी स्वयंपाकाची आवड राहील का? एक कोडे, एक बटवा. जुन्या खणांचे बटवे शिवावे, नाडीचे. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर एकच खूण काढावी, छत्री, मासा, आंबा, चांदणी. आणि तीच खूण बटव्यावर दोऱ्याने भरावी. अक्षरओळख नसलेले मूलही मग माशाचा तुकडा माशाच्या बटव्यात टाकते. बटव्यावर तुकड्यांचा आकडाही भरावा. जुळवायला बसताना परात किंवा मोठे ताट द्यावे आणि ‘ताटाबाहेर तुकडा नाही’ एवढा एकच नियम ठेवावा. उठताना मुलानेच मोजून बटव्यात भरावे. हे आपण करू नये. पहिले आठ दिवस आपल्या हाताला मुंग्या येतात, पण करू नये.

जुळवतानाही हेच. मूल तुकडा उलटा धरते, चुकीच्या जागी दाबते, आणि आपल्याला राहवत नाही. मादाम माँटेसोरींनी १९०७ साली रोममध्ये, गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले. त्यांच्या साधनांचे मर्म असे की चूक झाली हे साधनच सांगते. तुकडा बसला नाही म्हणजे जागा चुकली. तिथे आईने ‘अगं, तिकडे नाही’ म्हणायला नको. पण त्यांची साधने महागडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला कामाला सुरुवात केली आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा खडे, शंख-शिंपले, बिया, पाने यांतूनच त्यांनी साधने उभी केली. आदिवासी पाड्यांतल्या मुलांना परवडेल आणि ओळखीचे वाटेल तेच घ्यायचे, हा त्यांचा आग्रह. अलीकडे पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. तेव्हा पुठ्ठ्याचे कोडे म्हणजे गरिबीची काटकसर, असा संकोच कोणी बाळगू नये.

आता तो वाद. दोन वर्षांपूर्वी मंडळाने कोड्यांची पेटी सुरू केली. दर शनिवारी मुले एक बटवा घरी नेतात आणि पुढच्या शनिवारी आणून देतात. गेल्या पावसाळ्यात तीन कोडी अपुरी परत आली, आणि मागच्या सभेत काही भगिनींनी सूचना मांडली की वस्तीवरच्या मुलांना बटवे घरी देऊ नयेत, त्यांनी इथेच बसून खेळावे. किंवा निदान ५० रुपये अनामत घ्यावी. सूचना मांडणाऱ्या भगिनींनीच त्यांतले कितीतरी बटवे रात्री जागून शिवले आहेत. त्यांचे वाईट वाटणे मी समजू शकते. तुकडा हरवला की सगळे कोडे मेले असे वाटते.

पण मी नोंदवही पाहिली. तीनांपैकी एकच कोडे वस्तीवर गेले होते. उरलेली दोन आपल्याच सभासदांच्या घरी गेली होती. नावे मी घेत नाही. वही चिटणीसबाईंच्या कपाटात आहे.

आणि वस्तीवर गेलेल्या त्या एका कोड्याची हकिकत आपण ऐकावी. बैलजोडीचे चित्र, बारा तुकडे. नेणारी मुलगी तिसरीत, आई बटाट्याच्या काढणीला जाणारी. दोन शनिवार ती आलीच नाही, तेव्हा पुष्कळांनी बटव्याची आशा सोडली. तिसऱ्या शनिवारी आली. बटव्यात बारा तुकडे होते, पण बारावा आमचा नव्हता. बैलाच्या मागच्या पायाचा तुकडा कुठेतरी पडला होता, आणि तिने बाकीचे अकरा जुळवून, मधल्या भोकाचा आकार कागदावर उतरवून, जुन्या निळ्या रबरी चपलेतून तसाच तुकडा कापून आणला होता. वर बॉलपेनने खूर काढला होता. तुकडा पुठ्ठ्यापेक्षा जाड आहे, म्हणून चित्रातून थोडा वर येतो. आज पेटीतले सगळ्यात जास्त नेले जाणारे कोडे तेच आहे. लहान मुले निळा पाय आधी शोधतात आणि तिथून बैल बांधत जातात.

जी गोष्ट आम्हा बायांना सुचली नाही ती त्या मुलीला सुचली. हरवलेल्या तुकड्याचा साचा कोड्यातच असतो, त्याचे भोक हाच साचा. उरलेले जुळवावे, खाली पुठ्ठा धरावा, भोकाच्या कडेने पेन्सिल फिरवावी, रेषेच्या किंचित आतून कापावे, आणि हरवलेले चित्र मुलालाच काढायला लावावे. दोन लागून असलेले तुकडे हरवले तरी हीच रीत. एकच मोठा तुकडा करावा. त्यापेक्षा जास्त हरवण्याची भीती असेल तर कापण्यापूर्वीच पातळ कागदावर सगळ्या रेषा उतरवून तो कागद आपल्याकडे ठेवावा. नव्या सगळ्या कोड्यांचे असे कागद मी करून ठेवले आहेत आणि ते फाईलमध्ये लावले आहेत.

मग अनामत कशाला? ५० रुपये आपल्याला फार नाहीत. ज्या घरी ते फार आहेत, त्या घरची आई मुलीला एवढेच सांगेल, “नको आणूस ते.” बाकीचा नियम करावाच लागणार नाही. हे औंध आहे, बायांनो. गरिबाच्या मुलाला इथे शिकता येते या आशेवर साने गुरुजी दापोलीची शाळा सोडून इथे आले. आटपाडी-माडगूळकडून ग. दि. माडगूळकर आले, शंकरराव खरात आले. त्या गावात पुठ्ठ्याच्या बारा तुकड्यांसाठी अनामत मागायची म्हणजे मला तरी लाजच वाटेल. माझी सूचना अशी: बटवा सर्वांना मिळावा, अनामत कोणाकडूनच घेऊ नये, आणि तुकडा हरवला तर मुलाने तो शनिवारी इथे बसून करून द्यावा. सभासदांच्या मुलांनीही. त्या दोन घरच्या मुलांची वाट आम्ही अजून पाहत आहोत.

पुढच्या बैठकीत या सूचनेवर मते घेतली जाणार आहेत. तोवर ज्यांच्या घरी साड्यांची रिकामी खोकी असतील त्यांनी ती बंबात न घालता चिटणीसबाईंकडे आणून द्यावीत. सातारा-सांगलीचा दुसरा नकाशा आम्ही पुठ्ठ्यावर काढायला घेतला आहे, कारण पहिल्यातला गुणदाळचा तुकडा सध्या कोणाच्या घरी आहे, हे वहीतही सापडत नाही.